मुलींच्या सायकलींची शाळेतच तपासणी कशी करावी?

प्रश्न : शाळेची घंटा (जालना जिल्हा)

नमस्कार. मी जालना जिल्ह्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे आठवी ते दहावीच्या ३१ मुली आसपासच्या वस्त्यांवरून आणि तांड्यांवरून सायकलने येतात. त्यांतील बहुतेकींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली आहे. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींसाठी ही योजना आहे आणि तिच्यामुळेच, एरवी सातवीनंतर घरी बसल्या असत्या अशा कित्येक मुली आज माझ्या वर्गात आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचा मजकूर कोणी सायकलींविरुद्धची तक्रार म्हणून वाचणार नाही.

गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर कालव्याच्या पुलावरून उताराने येत होती. खाली शेळ्यांचा कळप रस्त्यात आडवा आला. तिने दोन्ही ब्रेक दाबले. मागचा मुळातच ढिला होता. पुढचा, तिच्याच शब्दांत, "आधी धरला आणि मग एकदम गेला". ती वेड्या बाभळीच्या झुडपात जाऊन पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी मी त्या जागी गेले, तेव्हा ब्रेकचा काळा रबरी गुटका रस्त्याच्या कडेला अखंड पडलेला सापडला. तो झिजलेला नव्हता, तुटलेलाही नव्हता. ब्रेकच्या पत्र्याची खोबण मात्र रिकामी होती. जेमतेम चार महिन्यांपूर्वी बदललेला गुटका असा निसटून कसा पडतो, हे मला अजून उमगलेले नाही.

आमच्या गावात पंक्चर काढणारा एक मुलगा आहे, पण सायकल खोलून दुरुस्त करणारे दुकान ११ किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी आहे. मुख्याध्यापकांनी दर शनिवारची शेवटची तासिका मला या कामासाठी दिली आहे. त्या ३५ मिनिटांत नेमके काय तपासावे, कोणती हत्यारे शाळेत ठेवावीत आणि कोणता दोष दिसला तर सायकल त्या दिवशी घरी नेऊच देऊ नये, हे जाणकारांनी सांगावे.

दुसरा प्रश्न चालवण्याचा आहे. आमचा रस्ता राज्य महामार्ग आहे. त्याची साईडपट्टी ठिकठिकाणी खचली आहे आणि नोव्हेंबरपासून त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग सुरू होते. गावातील काही वडीलधारी मंडळी मुलींना उजव्या बाजूने चालवायला सांगतात, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. पायी चालणाऱ्याला आम्हीही हेच शिकवतो. सायकलसाठी ते योग्य आहे का? ओढणीचे काय करावे, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल.

उत्तर : जुना पाना (मिरज)

ताई, तुमच्या मुलीचा ब्रेक का गेला, ते तुमच्या वर्णनातूनच कळते. गुटका उलटा बसवला होता. मी ४० वर्षे सायकलचे दुकान चालवले आणि हा दोष इतक्यांदा पाहिला आहे, की गिऱ्हाइकाची सायकल स्टँडवर घेतल्यावर माझी नजर आधी तिकडेच जात असे.

साध्या सायकलच्या ब्रेकचा गुटका पत्र्याच्या खोबणीत सरकवून बसवलेला असतो. त्या खोबणीचे एक तोंड बंद असते आणि एक उघडे. ब्रेक दाबला की फिरणारी रिम गुटक्याला आपल्याबरोबर ओढते. बंद तोंड त्या ओढीच्या दिशेला असेल, तर गुटका तेथे टेकतो आणि जितका जोर द्याल तितका घट्ट बसतो. उघडे तोंड त्या दिशेला असेल, तर हलक्या दाबाला काहीच होत नाही, आणि एखाद्या दिवशी उतारावर जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला की गुटका सरळ बाहेर पडतो. रोजच्या वापरात हा दोष लपून राहतो, तो इतका वाईट आहे तो यामुळेच. गुटका बदलताना दोन्ही पत्रे काढून ठेवतात आणि परत लावताना डावा उजवीकडे जातो, एवढीच चूक असते. हँडलपासून तारेने चालणारे ब्रेक असतील, तर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना बंद तोंड सायकलच्या पुढच्या दिशेला हवे. सळईचे ब्रेक असतील, तर चाक हाताने पुढे फिरवा, ब्रेकजवळ रिम कोणत्या दिशेने सरकते ते पाहा आणि बंद तोंड त्या दिशेला आहे याची खात्री करा. येत्या शनिवारी बाकी काही झाले नाही तरी चालेल, पण ३१ सायकलींचे गुटके तेवढे पाहून घ्या.

ब्रेकचे आणखी थोडे. मूठ पूर्ण दाबल्यावर ती आणि हँडल यांच्यामध्ये दोन बोटे मावतील इतकी जागा उरली पाहिजे. मूठ हँडलला टेकत असेल, तर ती सायकल चालवू देऊ नका. गुटका रिमवरच टेकला पाहिजे. तो टायरला घासत असेल, तर काही आठवड्यांत टायरची बाजू कापली जाते आणि ट्यूब बाहेर येऊन फुटते. तारेचे टोक मुठीजवळ उसवले आहे का, हे नखाने चाचपून पाहावे. एक-दोन बारीक तारा तुटल्या असतील तर उरलेल्यांचा भरवसा धरू नये. शेवटी सायकलशेजारी उभे राहून ती पुढे ढकलायची आणि फक्त पुढचा ब्रेक दाबायचा. मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले पाहिजे. मग फक्त मागचा दाबायचा. चाक फिरायचे थांबून घासत गेले पाहिजे. ही परीक्षा एका मिनिटाची आहे आणि तिच्यात लबाडी चालत नाही.

हवेविषयी मुलींना अंगठ्याने दाबून पाहायची सवय असते. ती अपुरी आहे. मुलीला सायकलवर बसवा आणि मैत्रिणीला मागच्या टायरकडे पाहायला सांगा. जमिनीलगत टायर पसरून फुगलेला दिसला, तर हवा कमी आहे. किती हवा भरावी याचा आकडा टायरच्या बाजूवरच उठावात छापलेला असतो. दर दोन दिवसांनी हवा उतरते, पण पंक्चर सापडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी वॉलट्यूब पाहावी. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावला आणि बुडबुडा आला, तर ती एक बोटभर रबरी नळी कुजली आहे. शाळेच्या कपाटात तिचा हातभर तुकडा ठेवा, वर्षभर पुरेल.

पायडलचा दांडा हाताने आत-बाहेर हलवून पाहा. "टक टक" असा खेळ जाणवला, तर कॉटर पिन, म्हणजे दांडा मधल्या आसाला धरून ठेवणारी खीळ, ढिली आहे. येथे एक गैरसमज सर्वत्र आहे. लोक नुसता नट आवळतात. नट पिन धरून ठेवण्यासाठी असतो, ओढून बसवण्यासाठी नव्हे. दांड्याखाली लाकडाचा किंवा लोखंडाचा आधार देऊन पिन हातोडीने ठोकून बसवावी लागते आणि मग नट आवळावा लागतो. हे काम तालुक्याला न्यावे. तोवर सायकल हळू चालवता येईल, पण उभे राहून पायडल मारू देऊ नका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही मुलींना सांगून ठेवा. नाहीतर घट्ट करायला जाऊन ते सोडवून ठेवतील.

चेन मधोमध वर-खाली एक ते दीड सेंटिमीटर हलावी. जास्त सैल चेन उतरते आणि उतरताना ओढणी, सलवार, बोट, जे सापडेल ते ओढून घेते. चेनच्या लॉकचे बंद टोक चेन ज्या दिशेने चालते त्या दिशेला हवे. येथेही उलटे बसवणारे भेटतात. चेन कव्हर वाजते म्हणून काढून टाकणाऱ्या घरांना तुम्ही स्वतः सांगा, की वाजणारे कव्हर परवडते. तेल मशीनचे घ्यावे, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि वरचे फडक्याने पुसून टाकावे. खोबरेल घालू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. तेलाचे फडके रिमला लागू देऊ नये.

पुढचे चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खेळ असेल तर कोन सैल आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली ठोका जाणवला तर तेथील वाटी सैल आहे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या गुटक्याजवळून रिम कशी जाते ते पाहा. डुलत असेल तर तिचा आऊट काढून, म्हणजे आरे कमी-जास्त आवळून ती सरळ करून घ्या. आरे एकेक करून चिमटीत धरून पाहा, सैल आरा लगेच हाताला कळतो. मुलगी सीट उंच करत असेल, तर सीटच्या नळीवर कमाल खुणेची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. हँडलच्या नळीलाही तशीच रेघ असते.

हत्यारे फार लागत नाहीत. सायकलचा बहुतोंडी पाना, एक स्क्रू पाना, पक्कड, पेचकस, हातोडी, पायाने मारायचा पंप, मशीन ऑइलची बाटली, आणि ब्रेकच्या गुटक्यांच्या सहा-सात जोड्या.

एक विनंती आहे. ही तपासणी तुम्ही करू नका, मुलींना करू द्या. दुकानात मी पाहिले आहे, ज्या पोराने एकदा स्वतःच्या हाताने ब्रेक बांधला, त्याला पुढे ब्रेक सैल झालेला चालवतानाच कळत असे. तुम्ही शनिवारी तपासाल, पण नट मंगळवारीही सैल होतो.

शाळेची घंटा

आपले मनःपूर्वक आभार. पहिला शनिवार आज पार पडला. आपण सांगितल्याप्रमाणे मी मुलींना गुटक्यांची बंद आणि उघडी तोंडे फळ्यावर काढून दाखवली, मग त्यांना जोडीजोडीने एकमेकींच्या सायकली पाहायला लावल्या. ३१ पैकी चार सायकलींचा एक तरी गुटका उलटा होता. त्यांतील एक सायकल मनगट मोडलेल्या त्या मुलीच्याच धाकट्या बहिणीची निघाली. चारही गुटके तेथेच सरळ केले. नऊ सायकलींना चेन कव्हर नव्हते. दोन सायकलींची मूठ हँडलला टेकत होती. त्या दोन्ही शाळेत ठेवून घेतल्या आणि मुलींना मैत्रिणींबरोबर पायी पाठवले.

मला एका गोष्टीचे वाईट वाटले. पुढचा ब्रेक आपण म्हणता तसा दाबून पाहायला बऱ्याच मुली घाबरल्या. "पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, सायकल उलटते" असे त्यांना घरून पक्के सांगितलेले आहे, आणि म्हणून पुढचा ब्रेक बिघडला तरी त्यांना महिनोन्महिने पत्ता लागत नाही. याबद्दल कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर : मैलाचा दगड (नाशिक)

मॅडम, मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, आणि त्या निमित्ताने घाटांतून, अंधारातून आणि पावसातून बरेच चालवणे झाले आहे. पुढच्या ब्रेकबद्दलची भीती मोडणे हे तुमच्या हाती असलेले सर्वांत मोठे काम आहे, असे मला वाटते.

तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा कारण तुम्हाला एका वाक्यात पटेल. वेग कमी होऊ लागला की सायकलस्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते, आणि हलके झालेले चाक रस्ता धरू शकत नाही म्हणून घसरते. त्यामुळे खरी थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. उलटण्याची भीती खरी आहे, पण ती पुढचा ब्रेक एकदम आवळला आणि शरीर सैल सोडले तरच. दोन्ही ब्रेक एकत्र लावायचे, पुढच्याचा दाब हळूहळू वाढवायचा, कोपर ताठ ठेवून बूड सीटवर मागे सरकवायचे, आणि वळण घेण्याआधीच वेग कमी करायचा, वळणात नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण प्रत्येक मुलीने आपल्या सायकलचा कोणता ते स्वतः पाहून घ्यावे.

मैदानावर चुन्याची रेघ मारा. मुलींना रेघेपर्यंत जोरात यायला सांगा आणि रेघेवर ब्रेक लावायला सांगा. पहिल्यांदा नुसता मागचा, मग दोन्ही. थांबल्याची जागा टेपने मोजू द्या. त्यातच गणित आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर; शेळी दिसल्यापासून हात ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच ५ मीटर संपलेले असतात. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. कालव्याच्या उतारावर ते आधीच लक्षात ठेवून उतरावे लागते. पावसात रिम ओली असली की चाक एक-दोन फेरे फिरेपर्यंत गुटका पकडतच नाही, म्हणून उतार सुरू होण्याआधी ब्रेक हलके लावून रिम पुसून घ्यावी.

उजव्या बाजूने चालवण्याचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो प्रेमापोटी दिला जातो म्हणून मोडायला अवघड जाईल. पायी चालणारा समोरून येणारे वाहन पाहून क्षणात बाजूला सरकतो. सायकल तशी बाजूला सरकत नाही. मुलगी ताशी १५ ने आणि समोरची जीप ताशी ५० ने येत असेल, तर दोघांतील अंतर ताशी ६५ ने कमी होते. एकाच दिशेने जात असतील तर ताशी ३५ ने, म्हणजे जीपवाल्याला विचार करायला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. शिवाय फाट्यावरून रस्त्यावर येणारा मोटारसायकलस्वार उजवीकडेच पाहत येतो, कारण जवळच्या पट्ट्यातील वाहने तिकडून येतात. उलट बाजूने आलेली सायकल त्याला दिसतच नाही. सायकल डावीकडूनच चालवायची, एकामागे एक, आणि डांबराच्या कडेपासून दोन फूट आत. अगदी कडेला चिकटून चालवले, तर खचलेल्या साईडपट्टीत चाक उतरते. उतरलेच, तर हँडल वळवून तसेच वर चढायचा प्रयत्न करायचा नाही. कडेला चाक घासून सायकल रस्त्याच्या मध्यावर फेकली जाते. वेग कमी करून थांबावे, मागे पाहावे आणि सायकल उचलून वर घ्यावी.

पैसे थोडे असतील, तर ते आधी चमकत्या पट्टीवर घाला. डिसेंबरात तुमच्याकडे पावणेसहा ते सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि दहावीच्या जादा तासांनंतर मुली त्याच वेळी रस्त्यावर असतात. मागच्या मडगार्डला लाल, पुढे पांढरी आणि दप्तरावर जी मिळेल ती पट्टी लावा. शक्य झाल्यास मागे एक लुकलुकणारा लाल दिवा लावा. सूर्य खाली असताना पश्चिमेकडे जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर थेट ऊन येते, तेव्हा लख्ख उजेडातही त्याला समोरचे दिसत नाही, हे मुलींना आवर्जून सांगा. हेल्मेट सायकलसाठी कायद्याने सक्तीचे नाही, तरी मी त्याशिवाय निघत नाही. कोणी मदत केली तर घ्या, पण ते कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात दोनच बोटे गेली पाहिजेत. मागे कलंडलेले हेल्मेट पुढून पडताना काहीच वाचवत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट टाकून द्यावे. आतला थर्माकोल एकदाच काम करतो.

उत्तर : मोळी (नेवासे)

मॅडम, मी बारा हंगाम ट्रॅक्टरवर ऊस वाहिला आहे. सीटवरून काय दिसते आणि काय दिसत नाही, ते सांगावेसे वाटले.

दोन ट्रॉल्या भरल्या की चालकाला मागचे काहीही दिसत नाही. आरशात फक्त ऊस दिसतो. इंजिनचा आवाज असतो, पुष्कळांनी गाणीही लावलेली असतात, त्यामुळे सायकलची घंटी त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर असतो आणि उतारावर ट्रॉल्याच ट्रॅक्टरला पुढे लोटतात. म्हणून आमच्या समोर आलेल्या मुलीसाठी थांबायची आमची कितीही इच्छा असली, तरी ते दर वेळी जमत नाही. मुलींना हे कठोर वाटले तरी सांगा.

वळणावर ट्रॅक्टर जेथून जातो तेथून ट्रॉली जात नाही; ती आतल्या बाजूला कापत येते आणि दुसरी ट्रॉली आणखी आत येते. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला सायकल असेल, तर आधी मोकळी दिसलेली जागा पाहता पाहता बंद होते. फाट्यावर ट्रॅक्टरच्या डावीकडून पुढे घुसायचे नाही, एवढी एक गोष्ट मुलींनी पाळली तरी माझ्या मते निम्मा धोका जातो. सरळ रस्त्यावरही मागची ट्रॉली झोले खाते आणि उसाची टोके दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली असतात. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की सायकलवरून उतरून साईडपट्टीच्या बाहेर उभे राहावे आणि दोन्ही ट्रॉल्या गेल्यावरच निघावे. पहिली गेली की मुले निघतात आणि दुसरी मागून येते.

आणि एक गोष्ट, जी घरी कोणी सांगत नाही. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला मुले सायकल तिच्याजवळ नेतात, काही तर मागचा पत्रा एका हाताने धरून पायडल न मारता जातात. ऊस घट्ट बांधलेला असतो, ओढताना तोल जातो तो चाकाच्याच बाजूला. मुलींना ऊस हवा असेल तर फडावर यावे, टोळीतले कोणीही दोन कांडी हसत देते.

पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, कधी दिव्याशिवाय, आणि चाकाखाली मोठे दगड लावलेले असतात. ट्रॉली निघून जाते, दगड मात्र तेथेच राहतात. अंधारात त्या दगडांनी सायकलस्वार पडलेले मी पाहिले आहेत. मी माझ्या ट्रॉलीचे दगड उचलूनच निघतो आणि इतरांनाही सांगतो. तुमच्या मुलींना सकाळी येताना असे दगड दिसले, तर दोघी-तिघींनी उतरून ते कडेला सारले तर संध्याकाळचा त्यांचाच रस्ता मोकळा होईल. कारखान्याच्या शेती विभागाला शाळेच्या शिक्क्याने पत्र द्या. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या अर्ध्या तासात त्या टप्प्यावर वाहने सावकाश न्यावीत आणि ट्रॉल्यांच्या मागे चमकत्या पट्ट्या लावाव्यात, एवढे मागा. शाळेच्या पत्राला वजन असते.

उत्तर : पवनचक्की (नेदरलँड्स)

मी मूळची परभणीची, आता नेदरलँड्समध्ये राहते. येथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यात मुलांची वाहतुकीची परीक्षा होते, आणि तिचा एक भाग खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून द्यायचा असतो. माझ्या मुलाच्या परीक्षेत मी स्वयंसेवक म्हणून एका चौकात उभी होते. मुले क्रमांकाची जाकिटे घालून एकेकटी येतात, आणि आम्ही कागदावर फक्त एवढेच टिपतो, की वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहिले का, हात केला का, थांबायच्या ठिकाणी थांबले का. त्याआधी शाळेत सायकलींची तपासणीही झालेली असते.

येथील रस्ते आणि तुमचे रस्ते यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण ही पद्धत तुम्हाला फुकटात करता येईल. खांद्यावरून मागे पाहताना हँडल त्याच बाजूला वळते, हे बहुतेक मुलांना माहीत नसते. मैदानावर सरळ रेघेवर चालवत मागे पाहायचे आणि पाठीमागे उभ्या मैत्रिणीने किती बोटे वर केली आहेत ते मोठ्याने सांगायचे, हा सराव आमच्या मुलाकडून कितीतरी वेळा करून घेतला होता. रेघ न सोडता जमले, की मग एका हाताने चालवत वळण्याची खूण करायला शिकवावे.

ओढणीबद्दल मी माझ्या शाळेच्या दिवसांतले सांगते. आम्ही ती दोन्ही खांद्यांवर पिनेने लावून, टोके पाठीमागे नेऊन कमरेला गाठ मारत असू, आणि गाठीची शेंडी सलवारीच्या नाडीत खोचत असू. दप्तर पाठीवर, दोन्ही पट्ट्यांनी, ओढणीच्या वरून. हँडलला डबा किंवा पिशवी लटकवायची नाही, ती डुलून पुढच्या आऱ्यांत जाते. वेणी आत.

शाळेची घंटा

सर्वांचे उत्तर मी छापून शिक्षकखोलीत लावले आहे. चुन्याच्या रेघेचा प्रयोग काल केला. नुसत्या मागच्या ब्रेकने आठवीतली एक मुलगी ९ मीटरवर थांबली, दोन्ही ब्रेकनी साडेचार मीटरवर. तिने टेप दोनदा लावून पाहिली. त्यानंतर पुढच्या ब्रेकला कोणी घाबरले नाही.

कारखान्याला पत्र गेले आहे. उजव्या बाजूचा विषय पालकसभेत मांडला. सगळ्यांना पटला असे म्हणता येणार नाही, पण दोन आजोबांनी स्वतः उठून "मग आम्हीच चुकीचे सांगत होतो" असे म्हटले. मनगट मोडलेली मुलगी अजून सायकलवर बसत नाही, परंतु शनिवारी गुटक्यांची दिशा तपासण्याचे काम तिने मागून घेतले आहे आणि डाव्या हाताने ती प्रत्येक सायकलच्या खोबणीतून बोट फिरवते.

एक प्रश्न राहिला. आमची जमीन काळी आहे. पावसाळ्यात वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या एक किलोमीटरमध्ये मडगार्ड आणि टायर यांच्यात चिखल असा भरतो, की चाक फिरायचे थांबते. मुली काडीने चिखल काढून पुढे जातात. मडगार्ड काढून टाकावे का?

जुना पाना (मिरज)

मडगार्ड काढू नका, ताई. ते काढले तर तोच चिखल चेनवर, ब्रेकवर आणि मुलीच्या पाठीवर उडेल. मडगार्डच्या सळया जेथे एक्सलला बांधल्या आहेत तेथील नट सैल करून मडगार्ड जेवढे वर सरकते तेवढे सरकवून घ्या; एक बोटभर जागा वाढली तरी बराच फरक पडतो. नट पुन्हा आवळताना चाक मधोमध आहे ना, हे पाहायला विसरू नका.

चिखलाच्या वाटेवर सायकल चालवू नये, हाताने न्यावी. चाक अडकलेले असताना पायडलवर जोर दिला, तर चेन उतरते किंवा कॉटर पिन सैल होते. डांबरावर आल्यावर काडीने चिखल काढताना आधी गुटके आणि रिम साफ करायची, मग मडगार्ड. काळ्या मातीत वाळूचे कण असतात; ते गुटक्यात रुतून राहिले, की ब्रेक लावताना रिमवर करवतीसारखे चालतात. "खर्र" असा आवाज आला तर गुटका काढून पेचकसाच्या टोकाने ते कण टिपून काढावेत. आणि परत बसवताना बंद तोंड कोणत्या दिशेला, ते त्या मुलीला विचारावे.